परीक्षेविना मिळालेले प्रमाणपत्र

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथील नळाच्या पाण्याने सात जणांचा बळी घेतला. २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली. मुसळधार पावसाने शेतातील शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले होते.

गावच्या पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखालचा फोरमन हे सख्खे भाऊ. दोघांकडेही शासकीय प्रमाणपत्र होते! मात्र ते जुन्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या सवलतीतून, केवळ अनुभवाच्या बळावर, परीक्षेविना मिळालेले. क्लोरीन न मोजताच नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ हे आकडे वर्षानुवर्षे लिहिले जात. यामागे दुष्ट हेतू होता म्हणावे, तर विहिरीचे कच्चे पाणी ते स्वतःही पीत. ते निर्धोक आहे, अशी त्यांची खात्री होती.

दुसरीकडे प्रांताने पर्यावरण खात्याच्या खर्चाला मोठी कात्री लावली होती. १९९६ मध्ये शासकीय प्रयोगशाळांतील पाणीतपासणी बंद झाली. खासगी प्रयोगशाळेवर आरोग्याधिकाऱ्यांना कळवण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. १७ मे रोजी दूषित नमुन्याचा अहवाल व्यवस्थापकाकडे आला. त्याने तो दडवला. पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली २१ मे रोजी.

सवलतीने प्रमाणित झालेल्यांनीही दोन वर्षांत परीक्षा द्यावी, अशी शिफारस न्या. डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये केली. २००४ मध्ये प्रांताने पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र स्थापन केले, तेही वॉकर्टनमध्येच.