मुतखड्याचं बारसं

दीड वर्षापूर्वी रात्री अडीचच्या सुमाराला मला कळलं, की 'कळ' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. उजव्या बाजूला कमरेपासून खाली काहीतरी पिळवटत गेलं. मी बाथरूमच्या फरशीवर आडवा झालो आणि रूममेट ॲम्ब्युलन्स शोधायला लागला. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा दिसला. ऑफिसला रजेच्या मेलमध्ये मी 'किडनी स्टोन' लिहिलं. घरी फोन केल्यावर आजी म्हणाली, "मुतखडा झालाय होय? मग कुळथाचं कढण पी." किडनी स्टोन हा कसा ऑफिसात सांगण्यासारखा आजार आहे. मुतखडा मीटिंगमध्ये सांगता येत नाही.

पुढे तो खडा पडला, गाळणीत धरला आणि लॅबला पाठवला. आलेल्या रिपोर्टमध्ये कोष्टक होतं: कॅल्शियम ऑक्झलेट, यूरिक ॲसिड, स्ट्रुव्हाइट आणि शेवटच्या ओळीत 'सिस्टिन : नाही'. पहिली ओळ माझी होती. दिवसभर एसीत बसून पाणी न पिणाऱ्यांची बहुधा तीच असते. पण अडकलो मी शेवटच्या ओळीत. सिस्टिन हे तर अमिनो आम्ल, बारावीच्या पुस्तकातलं. अंड्यात, केसांत, इन्सुलिनमध्ये असणारं. ते मुतखड्यांच्या यादीत काय करतंय?

शोधत गेलो तेव्हा समजलं, की प्रश्न मी उलटा विचारत होतो. सिस्टिन आधी मुतखड्यांच्या यादीत होतं. तिथून ते अमिनो आम्लांच्या यादीत आलं.

ग्रीक भाषेत 'किस्टिस' म्हणजे पिशवी, आणि शरीराच्या बाबतीत मूत्राशय. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं 'सिस्ट', पीसीओएसमधला 'सी', लघवीच्या संसर्गाला डॉक्टर म्हणतात ते 'सिस्टायटिस', ही सगळी त्याच पिशवीची पोरं. सिस्टिनसुद्धा त्यातलंच. म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकात रुबाबात बसलेलं हे नाव ग्रीकमध्ये आपल्या 'मुतखडा'इतकंच जमिनीवरचं आहे.

हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो विल्यम हाइड वोलास्टन हा भारी माणूस होता. जन्म १७६६चा, शिक्षणाने डॉक्टर. १८०० साली त्याने प्रॅक्टिस सोडली आणि घरच्या प्रयोगशाळेत धातूंच्या मागे लागला. प्लॅटिनमला ठोकून आकार देता येईल असं बनवायची कृती त्याने शोधली, ती गुप्त ठेवली आणि त्यावर बक्कळ पैसा कमावला. त्याच खटपटीत त्याला दोन नवी मूलद्रव्यं सापडली, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. पॅलेडियमची घोषणा त्याने शोधनिबंध लिहून केली नाही. १८०३मध्ये निनावी पत्रक छापलं आणि नवा धातू लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात विकायला ठेवला. आजच्या भाषेत प्रॉडक्ट आधी लाँच, पेपर नंतर.

डॉक्टरकी सोडली तरी मुतखड्यांचं वेड काही सुटलं नव्हतं. १७९७मध्येच त्याने खड्यांच्या प्रकारांवर निबंध लिहिला होता. सगळे मुतखडे एकाच पदार्थाचे नसतात हे नीट दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो मोडतो. आणि १८१०मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एका अगदी नव्या प्रकाराबद्दल लिहिलं.

त्याचा पहिला नमुना नॉर्विचच्या डॉ. रीव्ह यांच्याकडून आलेला होता. तो त्यांच्या भावाच्या मूत्राशयातून काढलेला, आणि भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता.

मी इथे जरा थांबलो होतो. कारण मला सहा मिलिमीटर आठवत होते, आणि त्यासाठी मला मिळालेलं इंजेक्शनही. ईथरची भूल १८४६मध्ये आली. त्याआधी खडा काढायचा म्हणजे माणसाला टेबलावर उताणं बांधायचं, गुडघे वर करून दोघातिघांनी दाबून धरायचं, दोन पायांच्या मधून मूत्राशयापर्यंत छेद घ्यायचा आणि चिमट्याने खडा ओढायचा. नामांकित सर्जनची ख्याती मिनिटांवर मोजली जायची. नॉर्विच ज्या नॉरफोक परगण्यात आहे, तो मूत्राशयाच्या खड्यांसाठी बदनाम होता. तिथल्या हॉस्पिटलात अठराव्या शतकापासून काढलेल्या खड्यांचा संग्रह ठेवला जात असे. काचेच्या कपाटातल्या प्रत्येक खड्यामागे असं एक टेबल आहे.

(आपल्याकडेही ही शस्त्रक्रिया फार जुनी. सुश्रुतसंहितेत अश्मरीचं, म्हणजे खड्याचं ऑपरेशन पायरीपायरीने दिलंय. छेद शिवणीच्या डाव्या बाजूला, तिच्यापासून जवाएवढं अंतर सोडून घ्यायचा. कुशल वैद्यालाही यशाची खात्री नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असंही त्यात म्हटलंय. संमतिपत्रकाचा पूर्वज म्हणा. तिथे मूत्राशयाला 'बस्ति' म्हणतात. जनावराचं मूत्राशय पिशवीसारखं वापरून औषध आत सोडत, म्हणून त्या उपचाराचंच नाव बस्ती पडलं. आज पंचकर्माचं पॅकेज घेणाऱ्या कुणाला त्यात मूत्राशय दिसत नाही.)

दुसरा खडा वोलास्टनला लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या संग्रहात मिळाला. तो ३६ वर्षांच्या एका माणसाचा. दोन्ही पिवळसर, काहीसे अर्धपारदर्शक. पदार्थ आम्लात विरघळायचा आणि अल्कलीतही. असं दोन्हीकडे जमवून घेणं त्याला काही धातूंच्या ऑक्साइडांत माहीत होतं, त्यामुळे हेही ऑक्साइडच असावं असं त्याला वाटलं. आणि आतापर्यंत पाहिलेले दोन्ही खडे मूत्राशयातून आलेले. म्हणून नाव: 'सिस्टिक ऑक्साइड'. मूत्राशयातलं ऑक्साइड.

दोन नमुने, एक साम्य आणि नाव पक्कं. मी रोज अशा नावांच्या संगतीत काम करतो. कुणीतरी घाईत दोन उदाहरणं बघून फंक्शनला नाव देतं. दहा वर्षांनी फंक्शन भलतंच काहीतरी करत असतं, पण नाव बदलायची कुणाची छाती होत नाही, कारण ते चारशे ठिकाणी वापरलेलं असतं.

वोलास्टनचं नाव दोन्ही बाजूंनी चुकलं होतं. हे खडे मूत्राशयात सापडले तरी मुळात तयार होतात किडनीत, तिथून खाली घसरतात. आणि तो पदार्थ ऑक्साइडही नव्हता. ही दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. खड्याचा तुकडा तापवल्यावर त्याला एक विचित्र, घाण वास आला होता आणि त्याने तो नोंदवलाही. केस जळल्याचा वास आठवा, त्यातला बराचसा भाग गंधकाचा असतो. म्हणजे गंधक नाकात शिरलं होतं. तरीही त्या पदार्थात गंधक आहे हे १८३७पर्यंत कुणी पकडलं नाही. त्या वर्षी बॉद्रिमों आणि मालागुती यांनी ते दाखवलं. मधल्या सत्तावीस वर्षांत तज्ज्ञांनी पृथक्करणं केली नव्हती असं नाही. पण त्या काळची पद्धत अशी होती: पदार्थ जाळा, कार्बन मोजा, हायड्रोजन मोजा, नायट्रोजन मोजा, आणि उरेल तो ऑक्सिजन. ऑक्सिजन थेट मोजलाच जात नव्हता. त्यामुळे गंधक मुकाट्याने ऑक्सिजनच्या खात्यात जमा होत राहिलं. आमच्याकडे याला 'एल्स'मध्ये सगळं ढकलणं म्हणतात, आणि निम्मे बग तिथेच राहतात.

स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळी रसायनशास्त्रातल्या नावांचा मोठा अधिकारी. मूलद्रव्यांना एक-दोन अक्षरांची चिन्हं आपण वापरतो, ती पद्धत त्याची. त्याला हे 'ऑक्साइड' खटकलं. १८३३च्या सुमाराला त्याने ते कापलं आणि मागे ठेवलं 'सिस्टिन'. चुकीचं अर्धं नाव गेलं, चुकीचं दुसरं अर्धं कायम राहिलं. किडनीतल्या खड्यांना मूत्राशयाचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाकीच्या अमिनो आम्लांची बारशीही साधारण अशीच, मिळेल तिथून नाव उचललेली. सर्वांत आधी, १८०६मध्ये, पॅरिसला ॲस्पॅरॅगसच्या रसातून मिळालं ते ॲस्पॅरॅजिन. (आपली शतावरी त्याच कुळातली, इकडे सापडलं असतं तर 'शतावरीन' झालं असतं.) टायरोसिन चीजमधून, ग्रीक 'टायरोस' म्हणजे चीज. सेरिन रेशमातून. ग्लायसिन चवीला गोड म्हणून. भाजी, चीज, रेशीम, साखर. यांच्या रांगेत सिस्टिन एकटंच आजारी माणसाच्या पोटातून आलेलं.

आणि जवळजवळ नव्वद वर्षं ते आजाराचंच राहिलं. सिस्टिन म्हणजे काही दुर्दैवी लोकांच्या शरीरात तयार होणारी विकृती, असाच समज. १८८४मध्ये जर्मनीत ऑयगेन बाउमान याने कथिल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून सिस्टिनमध्ये हायड्रोजन घातला, तेव्हा त्यातून एक नवा पदार्थ निघाला. सिस्टिनचा रेणू म्हणजे गंधकाच्या दोन अणूंनी हातात हात घालून जोडलेले दोन सारखे तुकडे. बाउमानने ते हात सोडवले. सुट्या तुकड्याला त्याने काय नाव द्यावं? सिस्टीन. रोमन लिपीत मध्ये एक जादा 'ई', बाकी सगळं तेच. मराठीत तर फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. शाळेत ज्या चुकीला अर्धा मार्क जायचा, तिच्यावर इथे दोन वेगळे पदार्थ उभे आहेत. असा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता तर मी परत पाठवला असता. जगभरचे विद्यार्थी आजही या दोघांत गोंधळतात आणि दोष स्वतःला देतात.

याच बाउमानने पुढे, १८८९मध्ये, या रुग्णांच्या लघवीत कुजण्याशी संबंधित काही रसायनं पाहिली आणि हा आजार आतड्यांतल्या जंतूंमुळे होत असावा असं मांडलं. तो काळच जंतूंचा होता, प्रत्येक कुलपाला तीच किल्ली लावून बघत होते.

मग १८९९मध्ये स्वीडनच्या मर्नर याने शिंगाचा भुगा आम्लात उकळला आणि त्यातून ठामपणे सिस्टिन काढून दाखवलं. साधं शिंग. म्हणजे हा पदार्थ प्रथिनांचाच भाग होता. शिंगात, खुरात, पिसांत, केसांत. ज्यांना कधी खडा झाला नाही अशा प्रत्येकाच्या डोक्यावर तो होता.

हे पचायला लोकांना वेळ लागला. खड्यातलं सिस्टिन आणि शिंगातलं सिस्टिन एकच कसं असेल? १९०५मध्ये बर्लिनच्या दोन संशोधकांनी दावाच केला, की ही दोन वेगळी आहेत: एक खड्याचं, एक प्रथिनाचं. एमिल फिशरला ते पटेना. त्याने जपानहून आलेल्या उमेतारो सुझुकीबरोबर दोन्ही पुन्हा तपासली आणि दोन्ही एकच निघाली. (हाच सुझुकी जपानला परतल्यावर तांदळाच्या कोंड्यातून जीवनसत्त्व ब-१च्या मागावर गेला.) त्या दाव्यात मला रसायनापेक्षा माणूस जास्त दिसतो. आजाऱ्याच्या शरीरातला पदार्थ आणि आपल्या शरीरातला पदार्थ वेगळा असावा, अशी आपली फार इच्छा असते.

मग काही लोकांनाच हे खडे का होतात? १९०८मध्ये लंडनला आर्चिबाल्ड गॅरड याने चार आजारांवर व्याख्यानं दिली आणि म्हटलं, हे जंतूंमुळे झालेले नाहीत, हे जन्मजात रासायनिक दोष आहेत, कुटुंबात चालत येणारे. चारांपैकी एक सिस्टिन्युरिया, म्हणजे लघवीतून सिस्टिन जाणं. नेमकी यंत्रणा १९५१मध्ये डेंट आणि रोझ यांनी मांडली. किडनी रक्त गाळताना अमिनो आम्लं आधी बाहेर सोडते आणि मग परत आत ओढून घेते. या लोकांत ते परत ओढणारं दार बिघडलेलं असतं. त्या एकाच दारातून चार जण ये-जा करतात: सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन. चौघंही लघवीत वाहून जातात. तिघं पाण्यात सहज विरघळतात, त्यांचा कुणाला पत्ता लागत नाही. सिस्टिन मात्र जेमतेम विरघळतं, म्हणून त्याचे सुंदर षटकोनी स्फटिक बनतात आणि स्फटिकांचे खडे. त्या दाराचे दोन जीन १९९०च्या दशकात सापडले.

म्हणजे नॉर्विचच्या त्या पोराच्या शरीरात सिस्टिन चुकीचं नव्हतं, जास्त बनतही नव्हतं. ते फक्त परत घेतलं जात नव्हतं. नाव पडलं ते परत न घेतलेल्या मालावरून.

तोच पदार्थ तुमच्या इन्सुलिनच्या दोन साखळ्या एकमेकींना धरून ठेवतो. इन्सुलिनमध्ये गंधकाच्या अशा तीन गाठी आहेत. केस कुरळे करायला पार्लरमध्ये जो उग्र वासाचा लोशन लावतात, तो केसांतल्या याच गाठी सोडवतो. मग केस रोलरवर गुंडाळतात आणि दुसरं द्रावण लावून नव्या जागी पुन्हा गाठी मारतात. दीड तास सिस्टिनचं सिस्टीन आणि सिस्टीनचं सिस्टिन. बाउमानचा प्रयोग, वर हेड मसाज.

माझ्या त्या रिपोर्टची प्रिंट आजीने देवघराशेजारच्या फाइलीत लावली आहे, वीजबिलांच्या मागे. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा तिला विचारलं, तुला माहितेय का, केसात जे असतं त्याचं नाव मुतखड्यावरून पडलंय. ती वेणी घालत होती. म्हणाली, "कुणी ठेवलं रे असलं नाव?" मी तिला त्या पाच वर्षांच्या पोराबद्दल सांगितलं. टेबलाबद्दल, धरून ठेवणाऱ्यांबद्दल. तिचा हात वेणीवर थांबला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि नाव काय होतं पोराचं?"

वोलास्टनच्या निबंधात तो डॉक्टरांचा भाऊ आहे, वय पाच. तेवढंच.