मुराळी आणि दहा दिवसांची रजा



गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या धाकटीला अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ, नोकरीला लागून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. रविवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, नव्या वर्षाचे दहा दिवस जमा झालेत. सांग, कुठं खर्च करू?"

मला आधी वाटलं पैशांचं बोलते आहे. ती रजेचं बोलत होती. तिच्या कंपनीत वर्षाला दहा दिवस भरपगारी रजा. ताप आला तरी त्यातूनच, सांगलीला आली तरी त्यातूनच. पहिल्या वर्षीचे दहाच्या दहा तिच्या बाबांच्या ऑपरेशनला गेले. आता पर्वात घ्यायची, दिवाळीला घ्यायची, की राखून ठेवायची?

"राखून कशाला?" मी विचारलं. ती जरा गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "आक्कांचं वय झालंय ना आई."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय 87. फोन स्पीकरवर होता आणि आक्का शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं बाहेर आहेत. "एवढा पगार आणि रजा इतकीच कशी?" हा प्रश्न मंदिरात, हळदीकुंकवात, सगळीकडे ऐकू येतो. मीही चिडून तेच विचारत होते. मग म्हटलं, नुसतं चिडण्यापेक्षा ही रजा नावाची गोष्ट आली कुठून ते तरी बघावं. जे वाचलं आणि समजलं ते आज सांगते.

आधी आपल्याकडचं

रविवारची सुट्टी आपल्याला कायमचीच वाटते, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती भांडून मिळवावी लागली. सत्यशोधक विचारांचे आणि 'दीनबंधु' पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना एकत्र केलं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगाकडे गेला. मागण्या अगदी साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. तरी सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. त्या काळात, एवढ्या पुरुषांसमोर! मला तर हे वाचून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

ही झाली आठवड्याची सुट्टी. वर्षाची भरपगारी रजा ही त्याच्या खूप पुढची पायरी. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाना कायद्यात ती नीट बसवली: वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. इचलकरंजीच्या आणि माधवनगरच्या कारखान्यांत ज्यांच्या घरचे लोक होते, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असेल.

युरोपची वाट आणि अमेरिकेची वाट

जगाच्या दृष्टीने 1936 हे वर्ष मोठं. त्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने अडवून धरले होते. पंतप्रधान लेऑन ब्लूम यांच्या सरकारने कायदा केला की प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा. कामगारांसाठी रेल्वेची तिकिटंही स्वस्त केली आणि कित्येक घरांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी रजेचा करार तयार केला. 1938 मध्ये इंग्लंडनेही त्या दिशेने कायदा केला. आज युरोपीय संघाच्या देशांत कायद्यानेच किमान चार आठवडे रजा मिळते.

मग अमेरिका मागे का राहिली? गंमत म्हणजे 1910 मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीच म्हटलं होतं की माणसाला वर्षाला दोन-तीन महिने सुट्टी हवी. वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि विषय तिथंच विरला. 1938 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात कामगारांसाठी मोठा कायदा आला. त्यामागे एका बाईची मेहनत होती, फ्रान्सिस पर्किन्स यांची. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री. त्या कायद्याने किमान वेतन ठरलं, कामाचे तास ठरले, लहान मुलांना राबवून घेण्यावर बंधन आलं. भरपगारी रजा मात्र त्यात नव्हती आणि आजही नाही.

याचा अर्थ तिथं कुणाला रजा मिळत नाही असा नाही. कामगार संघटना मालकांशी करार करून रजा मिळवत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, तेव्हा पगाराऐवजी रजेसारख्या सवलती द्यायची रीत आणखी वाढली. म्हणजे तिथली रजा ही मालकाने दिलेली सवलत म्हणून रुजली, कायद्याने दिलेला हक्क म्हणून नाही. खाजगी नोकऱ्यांत साधारण पाचातल्या चौघांना भरपगारी रजा मिळते. पाचव्याला एकही दिवस नाही. सणवारांच्या सुट्ट्यासुद्धा खाजगी कंपनीने द्याव्यात असं देशाच्या कायद्यात नाही.

हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला. आमच्या मुलीला कुणी मुद्दाम छळत नव्हतं. जिथं तिने घर केलं, तिथली रीतच तशी घडत आली आहे.

आणखी एक कायदा आपल्या कामाचा आहे. 1993 पासून तिथं घरच्यांच्या आजारपणासाठी वर्षाला बारा आठवड्यांपर्यंत रजा मागता येते. पण ती बिनपगारी, आणि कंपनी किमान पन्नास माणसांची हवी, नोकरीला एक वर्ष झालेलं हवं. तिच्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून तो कायदा तिच्या उपयोगी पडला नाही. आणि त्यात कोण कोण बसतं? नवरा-बायको, मुलं, आई-वडील. आजी साधारणपणे त्यात धरत नाहीत. आपल्याकडे जिच्या मांडीवर लेकरू वाढतं, तिला त्या कागदावर जागाच नाही. "राखून ठेवू का" असं ती का म्हणाली, ते मला तेव्हा कळलं.

पर्वासाठी रजा

आता धर्माचं. धार्मिक कारणासाठी नोकरीत सवड मागण्याचा हक्क अमेरिकेत आहे. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने धर्मावरून भेदभाव करायला मनाई केली आणि 1972 च्या दुरुस्तीने सांगितलं की, धंद्याला फार अडचण होत नसेल तर मालकाने माणसाच्या धर्माचरणाला सवड द्यावी. पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी हा कायदा लागू आहे. पण 1977 मध्ये शनिवार पाळणाऱ्या एका विमान कंपनीतल्या कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू घेतली. किरकोळ खर्चापलीकडे काही सोसावं लागत असेल तर मालक नाही म्हणू शकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग इतकी वर्षं "नाही" म्हणणं सोपं झालं.

जून 2023 मध्ये ते बदललं. रविवारी काम करायला तयार नसलेल्या जेराल्ड ग्रॉफ या टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं की किरकोळ कारण चालणार नाही, धंद्याला खरोखर मोठा भार पडतो हे मालकाने दाखवलं पाहिजे. खटला एका ख्रिस्ती माणसाचा, पण त्याचा लाभ आपल्या लेकींनाही. लक्षात ठेवा, ही सवड भरपगारीच असेल असं नाही. कामाची वेळ बदलून मिळेल, दिवसाची अदलाबदल होईल, नाहीतर बिनपगारी रजा मिळेल. पण मागायचा अधिकार आहे. आणि मागितल्याशिवाय मिळत नाही.

तिथल्या आपल्या समाजानेही वाट काढली आहे. 1965 च्या नव्या कायद्यानंतर आपले लोक तिथं मोठ्या संख्येने जाऊ लागले. मंदिरं झाली, 1981 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जैन संघांची 'जैना' ही संस्था उभी राहिली. तिचं दर दोन वर्षांनी होणारं अधिवेशन बहुधा 4 जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला धरून असतं. महावीर जयंतीचा उत्सव पुष्कळ ठिकाणी जवळच्या शनिवार-रविवारी करतात. पूर्वी मला हे खटकायचं. तिथीला नाही तो कसला उत्सव? आता वाटतं, ज्याच्या हातात रविवारच आहे त्याने रविवार भगवंताला दिला, हेही कमी नाही.

आमचा हिशेब

मग आम्ही मायलेकी पंचांग आणि तिकडचं कॅलेंडर शेजारी ठेवून बसलो. 2025 चं दशलक्षण पर्व 28 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर. त्या दहा दिवसांत दोन शनिवार, एक रविवार आणि 1 सप्टेंबरचा त्यांचा कामगार दिन, म्हणजे चार दिवस मोकळेच. अनंत चतुर्दशी शनिवारी. तिने फक्त पहिल्या दिवसाची, उत्तम क्षमेची रजा टाकली. उरलेले पाच दिवस कामावर जायचं, पण सकाळी लवकर सुरू करून संध्याकाळी लवकर सुटायचं, म्हणजे दिवसाउजेडी जेवण होईल. दोन महिने आधी मागायला हवं होतं, आम्ही तीन आठवडे आधी मागितलं. तरी साहेबांनी मान्य केलं. पत्रात तिने धर्माचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. "घरगुती कारण" असं मोघम लिहू नका, एवढंच माझं सांगणं.

नाताळ आणि नवं वर्ष, दोन्ही गुरुवारी. मधल्या सहा दिवसांची रजा टाकली तर 24 डिसेंबर ते 4 जानेवारी असे सलग बारा दिवस मिळत होते. प्रवास वजा जाता घरी आठ रात्री. शिलकीत तीन दिवस राहतात, ते तापाखोकल्याला. आणि आक्कांसाठी राखून ठेवायला काहीच नाही.

तिथंच ती अडली. "आई, सगळी खर्च केली आणि नंतर काही झालं तर?"

मला उत्तर सुचेना. आक्कांनी फोन मागून घेतला. म्हणाल्या, "बाळ, माझ्या मागं यायला रजा राखू नगं. मी हाय तवर ये. मागनं येऊन कुणाला भेटणार हाईस?"

दोघीही रडल्या. मी स्वयंपाकघरात गेले.

आक्कांची रजा

ती आली. आठ रात्री आजीच्या कुशीत झोपली. एके दुपारी आक्कांनी तिला आपल्या माहेरपणाच्या गोष्टी सांगितल्या. लग्न सोळाव्या वर्षी. वर्षातून दोनदा माहेर, पंचमीला आणि दिवाळीला. तेही भाऊ मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन आला तर आणि सासूबाई "जा" म्हणाल्या तर. पेरणी लांबली की पंचमीचं माहेर गेलं. एका वर्षी मुराळी दारातून रिकामा परत गेला, आणि त्याच वर्षी आक्कांची आई वारली. शेवटची भेट झालीच नाही. सत्तर वर्षांनीही हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी शेंगा सोलता सोलता आक्का काय ऐकत होत्या. कामगाराच्या रजेचा इतिहास पुस्तकात सापडला. घरातल्या बाईच्या रजेचा कुठंच लिहिलेला नाही. तिला पगार नव्हता, मग भरपगारी रजा कुठली? आठवड्याची सुट्टीही नव्हती. मुराळी हीच तिची रजा, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या हातात.

आपल्या लेकींची रजाही अजून दुसऱ्याच्याच हातात आहे. पण त्यांना मोजता येते, लिहून मागता येते, आणि कायद्यात काय आहे ते दाखवता येतं. म्हणून मुलं परदेशी निघाली की पगार किती हे जसं विचारता, तसं रजा किती, आजारपणाची वेगळी आहे का, उरलेली पुढच्या वर्षी चालते का, हेही विचारा. हे सारं होकार देण्याआधी विचारायचं असतं. पुढच्या वर्षीच्या पर्वाच्या तारखा पंचांगातून काढून आत्ताच पाठवून द्या. आणि फोनवर "कधी येणार, कधी येणार" असं टोचू नका. मी फार टोचलं. क्षमावाणीला तिची माफी मागितली ती त्याचीच.

जाताना तिने आक्कांना विचारलं, "पुढच्या वर्षी कधी येऊ?" आक्का म्हणाल्या, "मुराळी सोडंल तवा." घरात सगळे हसले. आक्काही हसल्या, आणि गाडी वळेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.