रोलर कोस्टर कुटुंबाला चालतो का? उत्तर फाटकापाशी शोधा

संशोधनाचा विषय शोधताना आपण बरेचदा 'हे योग्य की अयोग्य' अशा प्रश्नापासून सुरुवात करतो. पेटच्या मुलाखतीत असा प्रश्न मांडला की समोरून दोन प्रश्न येतात: योग्य म्हणजे कुणासाठी? आणि हा प्रश्न पडायला लागला कधीपासून? दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे आणि विज्ञानाचे विद्यार्थी नेमका तोच सोडून देतात. म्हणून आज मुद्दाम एक हलका वाटणारा विषय घेऊ. कुटुंबासाठी म्हणून चालवलेल्या थीम पार्कात नवा, मोठा रोलर कोस्टर शोभतो का?

आधी आपली जत्रा

सुरुवात जवळून करू. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा किंवा घाटंजीची मारोती महाराजांची यात्रा डोळ्यांसमोर आणा. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, लहान मुलांची ड्रॅगन गाडी, मौत का कुआँ. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. ज्याला बसायचं त्यानं पैसे द्यायचे. आजी पाळण्यात बसत नाही, ती खाली नातवाच्या चपला सांभाळत उभी राहते आणि वर बघून हसते. या बघण्याचे तिला पैसे पडत नाहीत. दर्शन, भांडी, बांगड्या, जिलेबी हे सगळं तिच्यासाठी आहेच.

म्हणून आकाशपाळणा 'कुटुंबाला शोभतो का' असा प्रश्न जत्रेत कुणी विचारत नाही. तो सुरक्षित आहे का, एवढंच विचारलं जातं. हे निरीक्षण बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

कोळशाच्या गाडीपासून फाटकापर्यंत

रोलर कोस्टरची एक मुळी बर्फाच्या घसरगुंडीत आहे, रशियातल्या. दुसरी आपल्या वणीकरांना पटकन कळेल अशी आहे, कोळशाची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे १८२७ मध्ये खाणीतला कोळसा खाली आणायला सुमारे १४ किलोमीटरची रेल्वे बांधली. भरलेले डबे उतारावरून आपोआप यायचे. खेचरंही डब्यात बसून खाली यायची आणि रिकामे डबे वर ओढून न्यायची. पुढे कोळशाला दुसरे मार्ग मिळाले आणि हीच रेल्वे पर्यटकांना फिरवू लागली.

१८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसननं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला अशीच उताराची छोटी गाडी केवळ मजेसाठी उभारली. वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, भाडं पाच सेंट. हाही जत्रेचाच हिशोब, बसेल तो पैसे देईल.

वळण येतं १८९५ मध्ये. पॉल बॉयटन या पट्टीच्या पोहणाऱ्यानं त्याच कोनी आयलंडला सी लायन पार्क काढलं, सगळीकडून कुंपण घालून. आत जायचं तर फाटकावरच पैसे. याच पार्कात 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर होता, प्रवाशाला पूर्ण उलटं फिरवणारा. फाटक आणि उलटा फेरा एकाच आवारात आले, आणि पैसे देऊन आत आलेल्यांत बसणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त ठरले.

लोक बसायला का कचरत? इथे बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. तो फेरा जवळजवळ गोल होता. वरच्या टोकाला गाडी रुळाला चिकटून राहायची तर तिथे वेगाचा वर्ग किमान 'जी गुणिले त्रिज्या' एवढा हवा. ऊर्जा अक्षय्यतेनं खालचा वेग काढा, त्याचा वर्ग येतो पाच पट. म्हणजे तळाशी पाच जी, अधिक आपलं नेहमीचं एक जी, एकूण सहा. त्रिज्या समीकरणातून उडून जाते, म्हणून गोल फेरा लहान करा की मोठा, किमान सहा जी सुटत नाही. माना आखडणारच! १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटनं लंबगोल फेऱ्याचा 'लूप द लूप' काढला. त्रास कमी झाला, पण एका गाडीत माणसं चारच. गर्दी बघ्यांची राहिली आणि धंदा बसला नाही.

हा पेच सुटला १९७६ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात अँटोन श्वार्झकॉफ आणि अभियंता वर्नर स्टेंगल यांनी थेंबाच्या आकाराचा फेरा वापरला, वर वक्रता जास्त आणि तळाशी कमी. शरीराचा प्रश्न बराचसा सुटला. कुटुंबाचा मात्र सुटला नाही.

बाकावर बसलेला बाप

वॉल्ट डिस्नी सांगत असे की मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असताना तो बाकावर शेंगदाणे खात बसून राही, आणि तिथेच त्याला मोठ्यांनी-लहानांनी मिळून मजा करावी अशा जागेची कल्पना सुचली. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथे रोलर कोस्टर नव्हता. तो आला १९५९ मध्ये, मॅटरहॉर्न नावाच्या बनावट डोंगराच्या पोटात. त्याच वर्षी तिथे 'ई' वर्गाचं, सगळ्यात महाग कूपन सुरू झालं, आणि मॅटरहॉर्न त्यात होता. म्हणजे फाटक होतं, पण थराराचे पैसे थरार घेणाराच देत होता. कूपनं बंद होऊन सगळ्यांसाठी एकच तिकीट झालं १९८२ मध्ये.

आता बाजूला लिहिलेलं निरीक्षण काढा. एकच तिकीट आलं की खाली उभी असलेली आजीही कोस्टरचे पैसे देते. 'हा कोस्टर कुटुंबाला शोभतो का' हा प्रश्न तिथे धारदार होतो. तो रुळाच्या उंचीतून येत नाही, तिकिटाच्या रचनेतून येतो.

खोपोलीचा नायट्रो

भारतात अप्पू घर १९८४ मध्ये दिल्लीत सुरू झालं, एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला. मनमोहन शेट्टींचं इमॅजिका २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलं, आणि त्याच वर्षी तिथे 'नायट्रो' आला. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, पाच वेळा उलटं. शेजारीच गोल्ड रश एक्स्प्रेससारखी सौम्य गाडीही आहे.

यवतमाळहून सहाशेच्या वर किलोमीटर जाऊन पोहोचलेलं पाच जणांचं घर धरा: आईबाबा, पंधरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, आजी. नायट्रोत बसणार समजा दोघं. रांग तासाभराची असेल, तर या घराचे तीन 'बाहेरचे तास' झाले. त्या तीन तासांत उरलेल्यांना जवळपास काय आहे? सावली, बसायला जागा, मुलीला चालेल असं काही? डिस्नेच्या पार्कांत एक पालक मुलाजवळ थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता बसता येतं. ही छोटी सोय बाहेरचे तास थेट कमी करते.

माझं उत्तर असं: मोठा कोस्टर कुटुंबाच्या पार्कात शोभतो, पण बाहेरच्या तासांची सोय त्याच्यासोबत बांधली असेल तरच. नुसता ट्रॅक वाढवला तर ते पार्क पंधरा ते तीस वयाच्यांचं होतं आणि बाकीचं घर त्याचं भाडं भरतं.

एक सापळा

इमॅजिका चालवणाऱ्या कंपनीवर पुढे कर्जाचा मोठा बोजा झाला आणि २०२२ मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. 'नायट्रोमुळे पार्क बुडालं' असं वाक्य लिहायचा मोह होईल. लिहू नका. एकापाठोपाठ घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. जागा, व्याजदर, तिकिटाची किंमत, कोविडची टाळेबंदी, सगळं तपासावं लागेल. कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हाचं माहितीपत्रक सार्वजनिक आहे. अशी माहितीपत्रकं म्हणजे अलीकडच्या इतिहासाचं दप्तरच असतं आणि ती वाचायला पुराभिलेखागाराची परवानगी लागत नाही.

तुमच्या प्रस्तावात मग प्रश्न असा येईल: 'फाटकावरच्या एकच तिकिटानं कुटुंबातल्या कुणाचा वेळ आणि कुणाचा पैसा कुठे गेला?' याला मोजता येतं, तारखा लावता येतात, आणि पुढच्या वर्षी वणीच्या जत्रेत वही घेऊन उभं राहिलात तर तुलनेसाठी लागणारी माहिती तिथेच मिळते.