सूज, दमा आणि हृदयविकार : शरीरातले चरबीचे निरोपे काय काम करतात?

बीदर/कलबुरगी : तुरीची रास झाली की कंबर धरते, दिवसभर वाकून खुरपणी केली की गुडघे बोलायला लागतात. औराद, भालकी, बसवकल्याणपासून आळंदपर्यंत अशा वेळी अनेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो, मेडिकलमधून दुखण्याची गोळी. ही गोळी शरीरात नेमकं कुणाला अडवते हे कळलं, तर ती कधी घ्यावी आणि कधी टाळावी हेही कळतं.

हे निरोपे तयार कसे होतात?

शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. जखम, जंतू किंवा ताण आला की या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ सुटतो. पुढे त्याला दोन मुख्य वाटा आहेत. कॉक्स नावाच्या विकराच्या वाटेने प्रोस्टाग्लँडिन आणि थ्रॉम्बोक्सेन बनतात, तर लायपोऑक्सिजनेजच्या वाटेने ल्युकोट्राइन. हे पदार्थ साठवून ठेवलेले नसतात. गरज पडली की जागच्या जागी तयार होतात, शेजारच्या पेशींना निरोप देतात आणि थोड्याच वेळात नष्ट होतात.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1930 च्या दशकात दिलं. अ‍ॅस्पिरिन हेच पदार्थ तयार होणं थांबवतं, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. या संशोधनासाठी व्हेन, सुने बर्गस्ट्रोम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांना 1982 चं नोबेल मिळालं.

दुखणं आणि ताप

प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते आणि दुखण्याची जाणीव तीव्र होते. मेंदूत ते वाढलं की ताप चढतो. पाळीच्या दिवसांतल्या पोटदुखीमागेही मुख्यतः तेच असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या गोळ्या कॉक्सची वाट अडवतात, म्हणून आराम पडतो.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखणंच देत नाही. जठराचं अस्तर आम्लापासून वाचवण्याचं कामही त्याचंच. त्यामुळे रोज गोळी घेणाऱ्याला जळजळ, अल्सर, कधी काळी शौच असा त्रास होऊ शकतो. काळी शौच म्हणजे आत रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते.

ऊन, गोळी आणि किडनी

आपल्या भागासाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कलबुरगीत उन्हाळ्यात पारा 42 अंशांपुढे जातो. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीकडचं रक्त आटू लागतं. अशा वेळी किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. नेमकी तेव्हाच दुखण्याची गोळी घेतली, तर हा आधारच जातो आणि किडनीला अचानक इजा होऊ शकते. वय जास्त असेल, साखर असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. एका दिवसाची गोळी आणि महिनोन् महिने रोजची गोळी, या दोन गोष्टी एकाच हिशेबात धरू नयेत.

दमा आणि धूळ

तुरीच्या राशीची, दालमिलची धूळ छातीत गेली की काहींना धाप लागते. यात ल्युकोट्राइनचा मोठा वाटा असतो. श्वासनलिका आवळण्यात ते हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपट प्रभावी ठरतं. माँटेलुकास्ट ही गोळी त्याचाच परिणाम रोखते. मात्र अटॅक आलेला असताना ती कामाची नाही, तेव्हा तत्काळ आराम देणारा पंपच लागतो. तिच्यामुळे काहींना झोप व मनःस्थितीचे त्रास होतात, त्यासाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2020 मध्ये कडक इशारा दिला.

काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच वेदनाशामक गोळी घेतल्यावर दमा उसळतो. कॉक्सची वाट बंद झाली की त्यांच्या शरीरात ल्युकोट्राइनचा जोर वाढतो.

हृदयविकार

थ्रॉम्बोक्सेन रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटवतं, तर प्रोस्टासायक्लिन त्यांना सुटं ठेवतं. हा तोल बिघडला की हृदयाच्या वाहिनीत गाठ बनण्याचा धोका वाढतो. कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स कायमचं बंद करतं. प्लेटलेट नवीन कॉक्स बनवू शकत नाही, त्यामुळे परिणाम तिचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस टिकतो.

उलट उदाहरण रोफेकॉक्सिबचं. या वेदनाशामकाने प्रोस्टासायक्लिन घटलं, पण थ्रॉम्बोक्सेन तसंच राहिलं. हृदयविकाराचा धोका वाढल्याचं दिसल्यावर 2004 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

करडई की जवस?

करडईच्या तेलात ओमेगा-6 गटातलं लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि त्यापासून शरीर अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं. त्यावरून करडईने सूज वाढते असं सांगितलं जातं, पण हे रूपांतर मर्यादित असतं आणि माणसांवरच्या अभ्यासांत तसा परिणाम दिसलेला नाही. जवसात ओमेगा-3 असतं. सूज ओसरवणारे रिझॉल्व्हिनसारखे पदार्थ मात्र माशांत मिळणाऱ्या ओमेगा-3 पासून बनतात आणि जवसाचा फार थोडा भाग शरीर त्या रूपात बदलतं. जवसाची चटणी जरूर खावी, पण ती औषधाची जागा घेत नाही.

हे लक्षात ठेवा

- डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते.
- गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.
- बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे.
- हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयबुप्रोफेन त्याचा परिणाम कमी करू शकते. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू किंवा बंद करू नये.
- सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या टाळाव्यात. अशा पुड्यांत स्टेरॉइड आढळण्याचे प्रकार देशात घडले आहेत. स्टेरॉइड या दोन्ही वाटा उगमाजवळच दाबतं, म्हणून आराम झटपट वाटतो, पण पुढे साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.
- आठवड्यापेक्षा जास्त दिवस रोज गोळी लागत असेल तर दवाखान्यात दाखवावं आणि क्रिएटिनिनची तपासणी करायची का, हे विचारावं.