हायड्रोजन बंध आणि सेंद्रिय थरांची इलेक्ट्रॉनीय रचना

सेंद्रिय रेणूंच्या अतिशय पातळ थरांपासून ट्रान्झिस्टर व सौरघट तयार करता येतात. या थरांचे विद्युत गुणधर्म केवळ रेणूच्या रचनेवर ठरत नाहीत. शेजारच्या रेणूंना एकत्र बांधणारे हायड्रोजन बंधही त्यांत महत्त्वाची भूमिका बजावतात.

नायट्रोजन अथवा ऑक्सिजनच्या अणूला जोडलेला हायड्रोजन जवळच्या दुसऱ्या अशाच अणूकडे आकर्षिला जातो, तेव्हा हायड्रोजन बंध निर्माण होतो. त्याचे बल कार्बन-कार्बन बंधाच्या साधारणतः एक दशांश किंवा त्याहूनही कमी असते. मात्र त्याचे परिणाम दूरगामी असतात.

नीळ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. निळीच्या रेणूत हायड्रोजन देणारा नायट्रोजनचा गट आणि तो स्वीकारणारा ऑक्सिजनचा गट, असे दोन्ही असतात. बंध जुळल्यावर देणाऱ्या गटावरील इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी वर सरकते, तर स्वीकारणाऱ्या गटाची खाली येते. परिणामी भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमधील अंतर कमी होते आणि रेणू अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषू लागतो. निळीची वाफ तांबूस जांभळी दिसते, घनरूपात मात्र तीच नीळ गर्द निळी असते. या बदलात रेणूंच्या एकमेकांवरील रचनेचाही वाटा आहे.

छपाईची शाई व मोटारींच्या रंगांत वापरले जाणारे क्विनॅक्रिडोन अधिक बोलके आहे. विरळ द्रावणात ते पिवळसर असते. एका प्रकारच्या स्फटिकात प्रत्येक रेणू दोन शेजाऱ्यांशी बांधला जाऊन साखळी तयार होते व रंग जांभळा येतो. दुसऱ्या प्रकारात तो चार शेजाऱ्यांशी जोडला जातो व रंग लाल होतो. रेणू तोच, बंधांची मांडणी तेवढी वेगळी.

बंधाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासण्यासाठी नायट्रोजनवरील हायड्रोजनच्या जागी मिथिल गट बसवून बंधाविना असलेला थर तयार करतात. दोन्ही थरांवर अतिनील किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली असता ऊर्जापातळ्यांतील फरक स्पष्ट होतो.

असे बंध विद्युतवहनाला मारक ठरतील, असा समज दीर्घकाळ होता. ऑस्ट्रियातील लिंझ येथील योहानेस केप्लर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये निळीच्या थरापासून ट्रान्झिस्टर तयार करून त्याला छेद दिला. या थरातून ऋण व धन, दोन्ही प्रकारच्या विद्युतभारांचे वहन झाले. २०१३ मध्ये क्विनॅक्रिडोनच्या थरांपासून केलेले ट्रान्झिस्टरही हवेत टिकाऊ ठरले.

सेंद्रिय अर्धवाहकांपैकी अनेक हवेतील ऑक्सिजन व बाष्पामुळे लवकर निकामी होतात. त्यामुळे स्वस्त आणि परिचित रंगद्रव्यांपासून टिकाऊ उपकरणे घडविण्याच्या दृष्टीने या नाजूक बंधाचे महत्त्व मोठे आहे.