परटाचा बिब्बा, अमळनेरचा साबण आणि काकांच्या गाडीची बदामी सीट

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो, शिरपूर तालुक्यात. काकांची भाड्याने फिरवायची एक सेदान आहे. जुनी घेतलेली, आतून पूर्ण फिकट बदामी. त्या आठवड्यात एका केळी व्यापाऱ्याला त्यांनी मळ्यांवरून फिरवून आणलं. कापणी चालू होती, तो माणूस घडांना हात लावत होता आणि तसाच मागच्या सीटवर बसला. तेव्हा कुणाला काही दिसलं नाही, कारण केळीचा चीक ताजा असताना जवळजवळ पाण्यासारखा असतो. संध्याकाळी बघतो तर तळहाताएवढा तपकिरी डाग. आणि दोन दिवसांनी त्याच गाडीत नवरदेव बसणार होता.

काकू म्हणाली, "आते काय व्हई?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेला मी एकटाच. मी गरम पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, कपड्याचा साबण लावला आणि ब्रशने जीव तोडून घासलं. अर्ध्या तासात डाग आधीपेक्षा गडद झाला. सकाळी त्याच्याभोवती एक तपकिरी कडंही उमटलेलं होतं.

हे का झालं, याचा शोध घेताना मी रसायनशास्त्रातून सरळ इतिहासात जाऊन पोचलो. रिसर्चची तयारी करणाऱ्यांना तो प्रवास उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहितोय.

सुरुवात परटापासून करू. धुळ्याला पांझरा, अमळनेरला बोरी, जळगावजवळ गिरणा. जुनं धुणं नदीवर व्हायचं. खार लावायचा, कपडा भिजत ठेवायचा, दगडावर आपटायचा आणि वाहत्या पाण्यात खळबळायचा. यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, मळ सुटला की तो पाण्याबरोबर निघून जाणार. दोन, मळ सोडवायला खार लागणार. रिठा हा अपवाद धरा, पण बाकी खार, सोडा, साबण हे सगळं अल्कधर्मीच. म्हणजे धुण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी अल्कलीचा इतिहास आहे.

पण याच परटाकडे आणखी एक गोष्ट असायची, ती म्हणजे बिब्बा. दहा घरचे कपडे एकत्र धुवायचे तर कुठला कपडा कुणाचा हे कळायला खूण हवी, आणि ती धुण्यात जायला नको. म्हणून बिब्ब्याचं तेल आणि चुना वापरून कपड्याच्या कोपऱ्यात खूण केली जायची. ती काळी पडायची आणि कपडा फाटेपर्यंत टिकायची. इंग्रजांनी या फळाचं नावच खूण करायचं फळ असं ठेवलं. आता जरा थांबून विचार करा. डाग काढणं हाच ज्याचा धंदा, त्या माणसाला न जाणारा डाग मुद्दाम कसा पाडायचा हेही माहीत होतं. आणि त्यासाठी तो काय वापरायचा? चुना. म्हणजे पुन्हा अल्कलीच. याचा अर्थ असा की एक अल्कली एक प्रकारचा डाग काढते आणि दुसऱ्या प्रकारचा डाग पक्का करते. परटाच्या हातात हे ज्ञान होतं. माझ्याकडे एम.एस्सी.ची डिग्री असून ते त्या दिवशी आठवलं नाही.

बिब्ब्याच्या तेलात फिनॉल वर्गातली संयुगं असतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की ती एकमेकांना जोडली जातात आणि गडद रंग तयार होतो. अल्कलीत ही क्रिया जोरात होते. बिब्ब्याच्याच कुळातल्या एका झाडाच्या चिकापासून जपानमध्ये लाखेसारखं चकचकीत रोगण करतात. 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की तो चीक घट्ट आणि काळा होतो तो नुसत्या हवेमुळे नाही, चिकातच असलेला एक पदार्थ ते काम घडवून आणतो. पुढे 1890 च्या दशकात फ्रान्समध्ये गाब्रिएल बर्त्राँने त्या पदार्थाला लॅकेझ हे नाव दिलं. ऑक्सिजन वापरून रंग घडवणाऱ्या एन्झाइमांचा अभ्यास इथून उभा राहिला. कापलेलं सफरचंद, सोललेला बटाटा, वांग्याची फोड तपकिरी पडते तीही अशाच एका एन्झाइममुळे.

केळीचं काय? 1959 मध्ये 'नेचर'मध्ये एल. ए. ग्रिफिथ्स यांचा एक छोटा लेख आला. केळं काळं पडताना एन्झाइम नेमकं कुठल्या संयुगावर काम करतं, तर डोपामिनवर, असं त्यात दाखवलं होतं. हो, मेंदूतलं म्हणून आपण वाचतो तेच डोपामिन. चिकात अशी फिनॉलं असतात, टॅनिन असतं आणि वर चिकटपणा. कपड्यावर पडतो तेव्हा रंग नसतो. रंग नंतर, कपड्याच्या धाग्यात बसून तयार होतो.

इथे प्रश्न बदलतो, आणि रिसर्चमध्ये मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "डाग कसा काढू?" या प्रश्नाला शंभर घरगुती उत्तरं आहेत. "हा रंग कपड्यावर येण्याआधी होता, की आल्यावर तयार झाला?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते तुम्हाला पुढची दिशा देतं. चहा सांडला तर रंग आधीच आहे. केळीचा चीक लागला तर तुमच्या हातात काही मिनिटं, फार तर थोडा वेळ असतो.

मग आपण सगळे साबणाकडेच का धावतो? त्यालाही खानदेशी इतिहास आहे. कापूस आणि भुईमूग पिकवणाऱ्या या भागात तेलाचा धंदा मोठा. 29 डिसेंबर 1945 ला अमळनेरला महंमद हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली. पुढे तिचीच विप्रो झाली. वनस्पती तूप हा मुख्य माल, आणि तेल शुद्ध करताना जे उरायचं त्यातून कपडे धुण्याचा साबण निघायचा, नाव '787'. (अमळनेरात शेअर धरून ठेवलेल्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच, त्यात आत्ता शिरत नाही.) 1969 पासून अहमदाबादहून निरमा पावडर आली. तीही सोड्यावरच उभी. गिरणी कामगाराच्या कपड्यावरचं वंगण, भजीचं तेल, मानेजवळचा मळ यावर हे सगळं उत्तम चालतं. दोन पिढ्यांचा अनुभव म्हणाला, डाग म्हणजे साबण. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक आईला माहीत असतं, पण तो अपवाद म्हणून सोडून दिला जातो. अपवाद गंभीरपणे घेतला असता तर माझी सीट वाचली असती.

आता सीटचं. अँबॅसडरच्या आणि पद्मिनीच्या काळात सीट बहुधा रेक्झिनची, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात ती तव्यासारखी तापायची. त्यावर पांढरं सुती कव्हर, साहेबांची गाडी असेल तर शिवाय पांढरा टॉवेल. आपण त्याला सरकारी थाट म्हणून हसतो. पण बघा, पांढरा रंग कमी तापतो, सूत घाम शोषतं आणि मुख्य म्हणजे ते काढून परटाकडे देता येतं. डाग पडला तर कव्हरवर, आणि कव्हर वाहत्या पाण्यात जाणार. नंतरच्या गाड्यांत फिकट कापडाची सीट थेट आली. फिकट रंगाचा फायदा राहिला, काढून धुण्याची सोय गेली.

माझ्या त्या तपकिरी कड्याचं कारण हेच. सीटच्या कापडाखाली फोम आहे. मी ओतलेलं पाणी रंग विरघळवून फोममध्ये उतरलं, पण पुढे जायला वाट नाही. रात्रभर उकाड्यात ते वरून वाळत गेलं, तसा रंग पुन्हा वर चढला आणि ओल्या भागाच्या कडेला साचला. दगडावरचं धुणं मी बंद भांड्यात करत होतो.

कंपन्यांनी दुसरा रस्ता शोधला, डाग बसूच नये असा. 1953 मध्ये अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक फ्लोरिनयुक्त द्रव कुणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर सांडला. पॅट्सी शेरमन आणि सॅम्युएल स्मिथ यांच्या लक्षात आलं की बूट मळला तरी तेवढी जागा स्वच्छच राहते. 1956 मध्ये त्यातून स्कॉचगार्ड बाजारात आलं. पण त्या मूळ प्रकारातलं पीएफओएस हे रसायन निसर्गात विघटन होत नाही आणि प्राण्यांच्या, माणसांच्या रक्तात सापडतं. 2000 मध्ये कंपनीने ते बंद करण्याचं जाहीर केलं, 2009 मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर निर्बंध आले. त्यामुळे सीटवर कुठलाही फवारा मारण्याआधी त्यात फ्लोरिनवालं काही आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी साबण बाजूला ठेवला. थोड्याच पाण्यात लिंबू पिळून, फडक्याने टिपून टिपून आधी सोड्याचा अंश काढला. मग मेडिकलमधून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, सीटच्या खाली न दिसणाऱ्या जागी लावून बघितलं, कापडाचा रंग गेला नाही. तेव्हा डागावर लावलं, थोडा वेळ ठेवलं, कोरड्या सुती फडक्याने दाबून शोषून घेतलं. असं चार वेळा. घासलं एकदाही नाही. डाग बराच उतरला, पूर्ण गेला नाही. हे कापडाच्या सीटला चालतं, लेदरला लावू नका. आणि चीक ताजा असतानाच कळलं असतं तर थंड पाणी आणि लिंबूच आधी वापरायला हवं होतं. आम्लात ते एन्झाइम मंदावतं, आणि क जीवनसत्त्व रंग घडण्याची क्रिया काही काळ मागे ढकलतं.

लग्नाच्या सकाळी काकूने पेटीतून पांढरी सुती चादर काढली, कात्रीने कापली, शिलाई मशीनवर कडांना नाड्या लावल्या आणि मागच्या सीटवर ताणून बांधली. नवरदेवाच्या मांडीवरची हळद तिच्यावर लागली ती लागलीच. धुतल्यावर लाल झाली, दोन दिवस दोरीवर उन्हात राहिली तेव्हा फिकी पडली. काकांनी आता तशी आणखी दोन शिवून घेतली आहेत.