हेलेनाव्हेन

नेदरलँड्सच्या उत्तर ब्राबांट प्रांतातील, डर्ने नगरपालिकेत मोडणारे खेडे. ब्राबांट आणि लिंबर्ख यांच्या सीमेवरच्या पील या दलदली प्रदेशात ते 1853 मध्ये वसले.

इथली जमीन पीटची. साचलेल्या पाण्यात हवा पोचत नाही, त्यामुळे स्फॅग्नम शेवाळ पुरते कुजत नाही. हजारो वर्षांत त्याचे थरावर थर चढतात. असे पीट वाळवले की जळण होते. आसपासचे शेतकरी ते घरापुरते खणत. यान व्हान द ग्रींट या कंत्राटदाराने मात्र डर्नेकडून सुमारे 600 हेक्टर जमीन घेऊन मोठा उद्योग उभारला आणि वसाहतीला पत्नी हेलेनाचे नाव दिले.

सगळ्याचा पाया कालवा होता. हेलेनाफार्ट खणल्यावर दलदलीचे पाणी निचरले आणि पीट वाहणाऱ्या होड्यांनाही वाट मिळाली. घरे कालव्याच्या काठानेच उठली. मजूर ओले पीट विटांसारखे कापत आणि रचून वाळवत. वरचा हलका थर पुढे घोड्यांच्या तबेल्यांत अंथरायला जाऊ लागला. त्या व्यापारावर व्हान द ग्रींटच्या मुलांनी 1885 मध्ये जवळच ग्रींट्सव्हेन वसवले. संस्थापकांची नावे गावांना मिळाली. पाण्यात उभे राहून खणणाऱ्यांची फारशी कुठे नोंदलीच गेली नाहीत.

अशाच एका मजुराला जून 1910 मध्ये गावाजवळ चौथ्या शतकातील रोमन घोडेस्वाराचे शिरस्त्राण सापडले. ते चांदीचे, वर सोन्याचा मुलामा. स्वाराच्या पथकाचे नावही त्यावर कोरलेले. सोबत चामड्याचे जोडे, आर आणि सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील नाणी होती, पण माणसाचे एकही हाड नव्हते. पीटमधील आम्लात चामडे टिकते, हाडे विरघळतात. त्यामुळे स्वार दलदलीत बुडाला, की त्याने हा ऐवज देवाला वाहिला, हा वाद अजून मिटलेला नाही. शिरस्त्राण लायडनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 8 ऑक्टोबर 1944 च्या रविवारी, जर्मन सैनिकांनी पील परिसरातील चर्चना वेढा घातला आणि प्रार्थनेला आलेल्या पुरुषांना वेठबिगारीसाठी नेले. हेलेनाव्हेनही त्यातून सुटले नाही.

पीट काढून झालेल्या जमिनीवर शेती आणि भाजीपाला आला. खणायचे राहिलेले पट्टे आज डर्नेसे पील आणि मारियापील या नावांनी संरक्षित आहेत. शतकभर निचरा केलेल्या या जमिनीत आता चर बुजवून पाणी अडवले जाते. हा उलटा प्रवास आवश्यकच आहे: कोरडे पीट जमिनीखालूनही धुमसत राहते. एप्रिल 2020 मध्ये डर्नेसे पीलला लागलेल्या वणव्यात शेकडो हेक्टर जळाले आणि ग्रींट्सव्हेन रिकामे करावे लागले.